आकड्याला उत्तर कोण देणार?

मनगटावरच्या स्मार्टवॉचबद्दल लिहायचं आहे, पण सुरुवात गडचिरोलीतल्या मण्यांपासून करावीशी वाटते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या खेड्यांत न्यूमोनियाने दगावणाऱ्या मुलांसाठी काम सुरू केलं. न्यूमोनियाची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाचा ५० किंवा त्याहून जास्त श्वास चालू असला, तर औषध द्यायला हवं. पण गावातल्या कितीतरी सुईणींना जेमतेम बारापर्यंत मोजता यायचं. या कामातून एक श्वासमापक तयार झाला. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी दोन वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी होत्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो, तर बाळाचा श्वास धोक्याच्या वेगाने चालला आहे असं समजायचं.

आणि मग कुठे चिठ्ठी लिहून पाठवायचं नव्हतं. गावातच शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकाकडे कोट्रायमोक्सॅझोल हे साधं प्रतिजैविक होतं. ते लगेच सुरू व्हायचं. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचे निष्कर्ष आले. ज्या गावांत हे काम झालं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, तुलनेच्या गावांत १७.५.

आजच्या कुठल्याही सेन्सरपुढे त्या मण्यांची अचूकता काहीच नाही. तरीही मोजण्याने जीव वाचले, कारण मोजणारी बाई त्या घराच्या ओळखीची होती आणि मोजल्यावर पुढे काय करायचं हे ठरलेलं होतं. वेअरेबल, म्हणजे अंगावर घालायचे सेन्सर आणि मोबाइल यांच्या जोरावर प्रत्येकाला स्वतःपुरतं, आजाराआधीच सावध करणारं आरोग्य मिळेल असं सध्या सांगितलं जातं. त्याबद्दल माझं म्हणणं याच अनुभवाशी जोडलेलं आहे. आकड्याला उत्तर देणारा माणूस आधी उभा करा, सेन्सर त्याच्या हातात द्या. हा क्रम उलटा केला तर आपण फक्त मोजत राहू.

तंत्रज्ञानात दम नाही असं मी म्हणत नाही. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त भरतं तेव्हा परत येणारा प्रकाश थोडा कमी होतो, आणि या चढउतारावरून नाडी कळते. नाडी तर डॉक्टर बोटांनीही बघतात. नवी गोष्ट आहे ती सातत्याची. अमेरिकेत ९२ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटपट्ट्यांतली माहिती २०२० साली अभ्यासली गेली, तेव्हा दिसलं की विश्रांतीच्या वेळचा नाडीचा वेग एकाचा मिनिटाला ४०, तर दुसऱ्याचा १०९ असू शकतो. पण एकाच माणसाचा वेग आठवडेच्या आठवडे फारसा हलत नाही. म्हणजे ‘नॉर्मल’ ठरवायला पुस्तकातल्या कोष्टकापेक्षा त्या माणसाचा कालचा आकडा जास्त उपयोगाचा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शास्त्रज्ञ मायकेल स्नायडर यांना स्वतःच्या अंगावरच्या सेन्सरमधूनच काहीतरी बिघडल्याची पहिली शंका आली, आणि पुढे तो गोचिडीपासून होणारा लाइम हा आजार निघाला. कोविडच्या काळात त्यांच्याच गटाने दाखवलं की लक्षणं दिसायच्या आधीच काही रुग्णांची नाडी बदललेली असते.

स्वतःचा आकडा स्वतःशी ताडून बघण्याची गरज आपल्याला तर जास्तच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘सडपातळ पण चरबीदार’ भारतीय शरीराची कल्पना जगापुढे मांडली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघं सारखेच निरोगी दिसणार, आणि मधुमेहाचा धोका मात्र पुण्याच्या माणसाला जास्त. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या मातापोषणाच्या अभ्यासाने तर या शरीराची मुळं आईच्या पोटातल्या महिन्यांपर्यंत नेऊन पोचवली. बाहेरच्या लोकांवरून ठरलेल्या सरासरीने आपलं निदान उशिरा होतं, हे यातून कळतं. देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत, त्याच्या उंबरठ्यावर आणखी १३ कोटींहून जास्त, आणि रक्तदाब वाढलेले ३१ कोटींच्या वर, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासाचा २०२३ मधला अंदाज आहे. आजार होण्याआधी गाठायचं असेल, तर व्यक्तिगणिक बघण्याला पर्याय नाही.

मग अडतं कुठे? शोधणं आणि टाळणं यांच्यामध्ये. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा एक विकार आहे, एट्रियल फिब्रिलेशन. त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. हा विकार घड्याळ पकडू शकेल का, हे बघायला स्टॅनफर्डने चार लाखांवर लोकांचा अभ्यास केला. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. इशारा मिळाला फक्त ०.५२ टक्के लोकांना, म्हणजे २,१६१ जणांना. खरी परीक्षा त्यापुढे होती. छातीवर लावायची ईसीजी पट्टी वापरून परत पाठवणारे निघाले ४५०, आणि त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत तो विकार सापडला. माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट ही गळती आहे. स्वतःहून नाव नोंदवलेल्या, आयफोन वापरणाऱ्या, इंग्रजी जाणणाऱ्या लोकांमध्येसुद्धा ‘तुमच्या हृदयाचं बघा’ असं घड्याळाने सांगितल्यावर बहुतेक जण शेवटच्या पायरीपर्यंत पोचले नाहीत.

पोचले असते तरी काय झालं असतं, याचं उत्तर डेन्मार्कच्या एका अभ्यासात मिळतं. २०२१ साली आलेल्या त्या अभ्यासात सत्तरीपुढच्या ६,००४ लोकांपैकी काहींच्या त्वचेखाली ठोके नोंदवणारं यंत्र बसवलं. हा विकार त्या गटात ३१.८ टक्क्यांमध्ये सापडला, नेहमीच्या तपासण्या असलेल्या गटात १२.२ टक्क्यांमध्ये. सापडलेल्यांना रक्त पातळ करणारी औषधंही सुरू झाली. पण पक्षाघात निश्चितपणे कमी झाले असं म्हणता येईल इतका फरक पडला नाही. यंत्राला सापडलेला प्रत्येक बिघाड उपचार मागतोच असं नाही, हे डॉक्टरांनाही नव्याने शिकावं लागलं.

वजनाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाने ४७१ तरुण, जाड लोकांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला. सहा महिन्यांनंतर अर्ध्यांच्या दंडावर हालचाल मोजणारा सेन्सर आला. दोन वर्षांनी सेन्सरवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं होतं, सेन्सर नसलेल्यांचं ५.९ किलो. कारणांवर वाद चालू राहील. मला एवढंच दिसतं की आकडा बघितल्याने वागणं आपोआप बदलत नाही.

वागणं बदलतं ते कशाने? आपल्याच देशातला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो पुरेसा माहीत नाही याची खंतही वाटते. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३७ नोकरदार पुरुष निवडले. सगळ्यांना आहार-व्यायामाचा सल्ला सुरुवातीला सारखाच दिला. त्यानंतर अर्ध्यांना मोबाइलवर नियमित एसएमएस जात राहिले. जिने चढा, भात थोडा कमी वाढून घ्या, अशा प्रकारचे. पण सरसकट नव्हे. माणूस अजून विचारच करतो आहे, की सुरुवात करून ढेपाळला आहे, हे बघून मजकूर बदलायचा. दोन वर्षांनी एसएमएस मिळणाऱ्यांत १८ टक्क्यांना मधुमेह झाला होता, न मिळणाऱ्यांत २७ टक्क्यांना. २०१३ मध्ये हे निष्कर्ष आले. साध्या फोनवर, सेन्सरविना. मला तर यालाच खरी वैयक्तिक प्रतिबंधक सेवा म्हणावंसं वाटतं, कारण समोरच्या माणसाची अवस्था ओळखून त्याच्याशी कोणीतरी बोलत होतं.

महाराष्ट्रात याचं मोठं रूप उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात दिसतं. पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. उपक्रमात चमकदार काही नाही. सगळ्यांसाठी ठरलेली मोजकी औषधं, महिन्याचा साठा हातात, दंडाला पट्टा बांधून मोजणारं तपासलेलं यंत्र, आणि परिचारिकेच्या फोनवर एक साधं अॅप. अॅपमध्ये रुग्णाची नोंद काही सेकंदांत होते. त्याची सर्वांत उपयोगी बाजू म्हणजे ठरल्या तारखेला कोण आलं नाही, त्यांची यादी. परिचारिका त्या यादीतल्या माणसाला फोन करते. “काका, गोळ्या संपल्या असतील, या मंगळवारी या.” या उपक्रमाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मोबाइल तंत्रज्ञान इथेही आहेच, पण ते रुग्णाच्या मनगटावर नाही, त्याची वाट बघणाऱ्या बाईच्या हातात आहे.

आता बाजार बघा. २०२३ साली भारतात पाच कोटींहून अधिक स्मार्टवॉच आल्या. त्यातली कितीतरी दोन हजारांच्या आतली. ऑनलाइन दुकानात अशा घड्याळांच्या वर्णनात रक्तदाब मोजतं, ऑक्सिजन मोजतं, काहींत तर सुई न टोचता शुगरही मोजतं असं लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं की त्वचेला न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडाला पट्टा न लावता रक्तदाब सांगणाऱ्या उपकरणांवरून निदान किंवा उपचार ठरवू नयेत, असं युरोपीय उच्च रक्तदाब संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ऑक्सिजनचं तर आपण कोविडमध्ये पाहिलं. बोटाला लावायची ऑक्सिमीटर यंत्रं सावळ्या-काळ्या त्वचेवर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतात, हे २०२० च्या अमेरिकन अभ्यासात पुढे आलं, आणि आपल्या लोकांच्या त्वचेचा रंग लक्षात घेता हा प्रश्न आपला आहे.

इथे मला राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही. साठीतला एखादा माणूस घड्याळात रोज १२०/८० बघतो आणि ‘आता बरं आहे’ म्हणून गोळी सोडतो. त्याचा खरा रक्तदाब १७० असू शकतो. खोट्या आकड्याने दिलेला धीर आकडा नसण्यापेक्षा वाईट. रक्तदाब वाढलेला असताना बहुतेक वेळा काहीच दुखत नाही, त्यामुळे आकडा चुकतो आहे याचा सुगावा त्या माणसाला लागायला दुसरा मार्गच उरत नाही. निदान किंवा देखरेखीसाठी असलेली सगळी उपकरणं, सॉफ्टवेअरसकट, १ एप्रिल २०२० पासून आपल्या औषध कायद्याखाली आली आहेत. तरी विक्रेता जाहिरातीत शुगर-बीपीची चित्रं लावतो आणि खाली बारीक अक्षरांत ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ असं लिहून मोकळा होतो. ही पळवाट बंद व्हायला हवी. ज्याची जाहिरात वैद्यकीय, त्याची तपासणीही वैद्यकीय, एवढा साधा नियम पुरे.

निरोगी तरुणांनी दंडावर शुगरचा सेन्सर चिकटवून पंधरा-पंधरा दिवस आलेख बघत बसण्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यांना इन्शुलिन घ्यावं लागतं त्यांच्यासाठी ते यंत्र वरदान आहे. जेवल्यावर प्रत्येकाचीच शुगर वर जाते आणि खाली येते, आणि ते बघून भाकरीला घाबरणं हा काही प्रतिबंध नव्हे.

याहून मनाला लागणारी गोष्ट वेगळी आहे. पुण्यात, सांगलीत, नाशिकमध्ये आई-वडील एकटे, मुलगा न्यू जर्सीत किंवा मुलगी म्युनिकमध्ये. पुढच्या भेटीत मुलं घड्याळ आणतात, आईच्या मनगटावर बांधतात, अॅप स्वतःच्या फोनवर जोडून घेतात. यामागचं प्रेम खरं आहे. दूर असल्याची बोचही खरी आहे. पण न्यू जर्सीत भर दुपारी मीटिंगमध्ये इशारा आला की आईची नाडी १३० आहे, तेव्हा इकडे मध्यरात्र झालेली असते. आता जिना चढून दार कोण वाजवणार? शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे का? नेहमीचे डॉक्टर रात्री फोन उचलतात का? जवळच्या रुग्णालयात रात्री ईसीजी काढतात का, १०८ ची गाडी गल्लीत शिरते का? या प्रश्नांची उत्तरं ज्या घरी आधीच शोधून ठेवलेली आहेत, तिथे घड्याळ कामाचं. जिथे नाहीत, तिथे ते समुद्रापलीकडच्या मुलाला फक्त असहाय करतं. मुलांनी पैसे खर्चायचेच असतील तर आधी दंडाला बांधायचं चांगलं रक्तदाबमापक आणावं, आईला वहीत आकडे लिहायला शिकवावं, ती वही बघणारा एक डॉक्टर ठरवावा आणि एका शेजाऱ्याशी नीट बोलून ठेवावं. घड्याळ त्यानंतर खुशाल बांधावं.

“आमचे पैसे, आमचं मनगट, तुम्हाला काय त्रास?” असं कोणी विचारेल. विकत घेणाऱ्याला मी अडवत नाही. घड्याळामुळे रोज चालायला लागलेली माणसं आहेत आणि त्यांचा मला आनंदच आहे. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ मध्ये जपानच्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढला तेव्हा लोकप्रिय झाला. सरासरी ७२ वर्षांच्या १६ हजारांवर स्त्रियांच्या २०१९ मधल्या अमेरिकन अभ्यासात दिसलं की दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि फायदा ७,५०० च्या आसपास स्थिरावत होता. आजीला हे सांगायला हवं, म्हणजे ती दहा हजारांच्या धास्तीने चालणंच सोडणार नाही.

माझी हरकत सार्वजनिक पैशाबद्दल आणि सार्वजनिक लक्षाबद्दल आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या साधारण ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. उरलेल्या बायका अॅपमधल्या ‘प्रत्येकासाठी’ या शब्दात मोडत नाहीत. ऊसतोडीला गेलेली बाई कुठल्याही घड्याळवाल्यापेक्षा जास्त पावलं चालते आणि तिचा रक्तदाब वर्षानुवर्षं कोणी मोजलेला नसतो. तिच्यासाठी वैयक्तिक प्रतिबंध म्हणजे टेप. कंबर मोजायची, बाईची ८० सेंटिमीटरच्या वर आहे का, पुरुषाची ९० च्या वर आहे का ते बघायचं, वय आणि घरातल्या मधुमेहाची चौकशी करायची, ती दिवसभर काय काम करते ते विचारायचं. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांनी २००५ मध्ये या चार गोष्टींवरून धोक्याचे गुण काढायची पद्धत दिली, आणि आशाताई घरोघर भरतात त्या फॉर्ममध्येही कंबरेचं माप आहेच.

पण त्या फॉर्मचं पुढे काय होतं हे विचारा. आशाताई मोबदल्यावर काम करते, पगारावर नाही. फॉर्म कागदावरही भरायचा, मोबाइलवरही भरायचा, रेंज नसेल तर गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन भरायचा. इतकं करून तिने शोधलेला रुग्ण उपकेंद्रात गेला आणि तिथे यंत्राचे सेल संपलेले किंवा गोळ्या नाहीत असं निघालं, तर पुढच्या वेळी तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल? आरोग्यवर्धिनी केंद्रासाठी डिजिटल उपकरणं घेताना सरकारने हा हिशेब धरावा. प्रत्येक नव्या यंत्रामागे ते चालवणाऱ्या बाईचा वेळ, तिचा मोबदला, दुरुस्ती आणि औषधांचा सलग पुरवठा यांची तरतूद त्याच कागदावर असायला हवी. आणि एसएमएसचा प्रयोग मराठीत, गोंडीत, अहिराणीत, लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी बोलक्या कॉलच्या रूपात, एखाद्या जिल्ह्यापासून करून बघायला फार पैसाही लागणार नाही.

राहता राहिला माहितीचा प्रश्न, आणि तो मागे ढकलण्यासारखा नाही. झोप, पाळी, नाडी, फिरण्याच्या वेळा, हे सगळं मिळून माणसाचं फार खासगी चित्र तयार होतं. गूगलने फिटबिट ही मनगटपट्टे बनवणारी कंपनी घेतली तेव्हा ही आरोग्यमाहिती जाहिरातींसाठी दहा वर्षं वापरणार नाही, असं बंधन युरोपीय आयोगाने घालून घेतलं. ते युरोपातल्या ग्राहकांपुरतं आहे. आपल्याकडे २०११ च्या नियमांत आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढलेली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. तुमच्या नाडीची नोंद आणि तुमचा ईमेलचा पत्ता, कायद्याच्या लेखी साधारण एकाच पंगतीत.

दुसरीकडे विमा नियामकाने २०२० मध्ये तंदुरुस्तीबद्दल ग्राहकांना गुण आणि सवलती द्यायची वाट मोकळी केली. आज चालणाऱ्याला सवलत, हे ऐकायला चांगलं वाटतं. पण सवलत मिळवणारा बहुतेक वेळा तोच, ज्याच्याकडे घड्याळ आहे, चालायला बाग आहे आणि संध्याकाळ मोकळी आहे. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या कामगाराच्या झोपेचा आलेख वाईटच दिसणार, आणि तो त्याचा दोष नाही. उद्या हाच आलेख हप्ता वाढवायला किंवा दावा नाकारायला वापरला जाऊ नये, म्हणून दोन गोष्टी कायद्यात हव्यात. अंगावरच्या सेन्सरची माहिती विम्याचा हप्ता वाढवायला, दावा फेटाळायला किंवा नोकरीचा निर्णय घ्यायला वापरण्यास पूर्ण मनाई हवी. आणि ही माहिती स्वतःच्या डॉक्टरकडे किंवा आरोग्य केंद्राकडे फुकट, समजेल अशा स्वरूपात नेण्याचा हक्क प्रत्येकाला हवा. हे आत्ताच मागायला हवं. एकदा विम्याचे दर या आलेखांवर बसले की घड्याळ काढून ठेवायचं स्वातंत्र्यही ज्याला वाढीव हप्ता परवडतो त्यालाच उरेल.